पडद्यामागच्या माणसांचा सत्कार: यादीपासून घरी फोटो पोचेपर्यंत

नाट्यमंडळाला पंचवीस-तीस वर्षं होतात, भजनी मंडळाचा सप्ताह पार पडतो, देवळातली उत्सवी नाटकं कशीबशी का होईना टिकून राहतात, आणि मग कोणीतरी म्हणतं की इतकी वर्षं ज्यांनी आपल्याला हात दिला त्यांचा एकदा सत्कार करूया. कल्पना सुंदरच आहे. पण पुढे होतं असं की शेवटच्या आठवड्यात घाईने नावं ठरतात, एकाच्या मानपत्राचा मजकूर दुसऱ्याला चिकटवला जातो, सत्कारमूर्ती दोन तास भाषणं ऐकत स्टेजवर बसतात आणि त्यांची पाळी येईपर्यंत अर्धे लोक बस पकडायला निघून गेलेले असतात. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत हे होताना दिसतं आणि दरवेळी चुका जवळपास त्याच असतात, म्हणून इथे सगळं क्रमाने लिहिलंय.

हा लेख नटांच्या किंवा गायकांच्या गौरवाबद्दल नाही, त्यांना व्यासपीठ मिळतं. हे आहे तालमीला जागा देणाऱ्यांबद्दल, पडदे सांभाळणाऱ्यांबद्दल, वर्गणीला दारोदार फिरणाऱ्यांबद्दल, ज्यांच्यामुळे आपल्याकडे नाटक आणि भजन अजून उभं आहे.

क्रम आत्ताच डोक्यात ठेवा: आधी नावं, मग त्या माणसांची माहिती, मग मजकूर, मग तारीख आणि जागा, मग पाहुणे, आणि शाल-श्रीफळ सगळ्यात शेवटी. बहुतेक ठिकाणी हे बरोबर उलट चालतं, आधी पाहुण्यांची तारीख मिळते आणि त्या तारखेवर सगळं लटकवलं जातं, तिथेच कार्यक्रम बिघडतो. पहिल्यांदाच करत असाल तर ३ महिने हाताशी धरा.

## १. यादी: एका प्रयोगाचा माग काढा

समितीत ३ ते ५ जणं पुरेत, त्यातला एक तरी साठीच्या पुढचा आणि एक तरी तिशीच्या आतला असावा. बसल्या बसल्या "कोणाचा करूया?" असं विचारलं तर जी चार नावं सगळ्यांच्या तोंडावर असतात तीच येतात, आणि त्यांचे सत्कार बहुतेक आधीच झालेले असतात. त्यापेक्षा तुमच्या मंडळाचं एक जुनं नाटक निवडा आणि पहिल्या तालमीपासून सामान परत पेटीत जाईपर्यंत काय काय झालं ते वहीत ओळीने लिहा. तालीम कोणाच्या बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) झाली? लाईट कोणाच्या मीटरवर चालली? नाटकाची वही हाताने उतरवून नकला कोणी केल्या? प्रॉम्प्टिंगला कोण बसायचं? ड्रेपरी (नाटकाचे भाड्याचे कपडे) आणायला फोंड्याला किंवा म्हापशाला कोण जायचं, टेम्पो कोणाचा, डिझेलचे पैसे कोणी घेतलेच नाहीत? मेकअप, पडदे, मंडप, पेट्रोमॅक्स, साऊंड? प्रयोगानंतर झोपडी-झाडं-सिंहासन कोणाच्या गोठ्यात ठेवलं? प्रत्येक ओळीसमोर नाव लिहा, नाव आठवत नसेल तर जागा कोरी सोडा आणि जुन्या लोकांना विचारत सुटा. कोऱ्या राहिलेल्या जागांमध्येच खरी नावं सापडतात.

जुनी पावतीपुस्तकं, हस्तपत्रकं, निमंत्रणपत्रिकांच्या मागच्या बाजूला लिहिलेले हिशेब हे सगळं काढा. देवस्थानच्या कपाटात असतं, नाहीतर माजी खजिनदाराच्या घरी.

निकष चार ओळींत लिहून काढा आणि सगळ्यांना दाखवा. माझ्या मते हे पुरतात: किमान १० वर्षं सातत्याने मदत, स्वतःचा वेळ, पैसा किंवा जागा दिलेली, सध्याच्या कार्यकारिणीत नसलेली व्यक्ती, आणि यंदाच्या कार्यक्रमाची देणगी हे निवडीचं कारण नसणं. हा शेवटचा निकष सांभाळायला अवघड जातो. यंदाच्या देणगीदाराचे आभार जरूर माना, पण आभाराच्या वेळी, मानपत्र देऊन नाही. दोन्ही गोष्टी एकदा मिसळल्या की मानपत्राची किंमत गावात लगेच सगळ्यांना कळते.

एका संध्याकाळी ५ किंवा ६ सत्कार, त्याच्या वर नको. यादी वीसची झाली तर ती वही जपून ठेवा आणि दरवर्षी ५ घ्या, पण सगळ्यात वयस्कर माणसांना पहिल्या वर्षी.

सावधान: यादी पूर्ण झाली की त्यात बायका किती आहेत ते मोजा. तालीम संपल्यावर रात्री पंधरा माणसांना जेवायला घालणाऱ्या घराचा सत्कार होतो तेव्हा स्टेजवर यजमान जातात आणि रांधणारी मामी खाली खुर्चीत बसलेली असते. त्या घराचा सत्कार म्हणजे आधी मामीचा सत्कार, यजमानांना बरोबर बोलवा.

तपासा: साऊंडवाला, बँडमधला ट्रम्पेटवाला, तालमीला शेड देणारा शेजारी, यांत ख्रिस्ती आणि मुसलमान नावं असणारच. ती यादीतून आपोआप गळली नाहीत ना?

## २. घरी जाऊन विचारा

फोनवर नको, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नकोच. दोघांनी जा, त्यातला एकजण त्या घराच्या ओळखीचा. पहिल्या भेटीत सत्काराला होकार आहे का एवढंच विचारा आणि उत्तरासाठी दोन दिवस द्या, कारण असली माणसं पहिल्या झटक्यात "माझा कसला सत्कार, मी काय केलंय" म्हणतातच आणि तो नकार नसतो. दोन दिवसांनीही नको म्हणाले तर मात्र खरंच नको असतं. तेव्हा आग्रह सोडा, त्यांची परवानगी असेल तर कार्यक्रमात नुसता उल्लेख करा, नाहीतर पाचजण त्यांच्या घरी जाऊन नमस्कार करून या.

न सांगता स्टेजवर बोलावून चकित करायचं हा प्रकार करू नका. माणूस घरच्या कपड्यांत आलेला असतो, मुलं परगावी असतात, बोलायला शब्द सुचत नाहीत.

होकार आला की त्याच बैठकीत पुढच्या गोष्टी वहीत लिहून घ्या: मानपत्रावर नाव कसं हवं, घरचे किती जण येणार, पायऱ्या चढता येतात का, रात्री किती वाजेपर्यंत बसवतं, मधुमेह आहे का म्हणजे मध्ये काही खायला लागतं का, आणि पैशाच्या मदतीचा जाहीर उल्लेख चालेल का. काहींनी अडचणीच्या काळात मंडळाचं कर्ज गुपचूप फेडलेलं असतं आणि ते घरच्यांनाही माहीत नसतं, तुम्ही माईकवर सांगून टाकाल आणि त्यांच्या घरात भलताच प्रश्न उभा राहील.

व्यक्ती हयात नसेल तर सत्कार कोण स्वीकारणार हे आधी पत्नीला किंवा पतीला विचारा, मग मुलांना. भावाभावांत वाटणीचा वाद चालू असेल तर एकालाच बोलावणं धोक्याचं, सगळ्यांना एकत्र बोलवा.

## ३. माहिती गोळा करणं (इथे सगळ्यात जास्त वेळ द्या)

सगळा कार्यक्रम या टप्प्यावर उभा राहतो आणि नेमका हाच लोक गाळतात. "तुम्ही मंडळाला खूप मदत केलीत, त्याबद्दल सांगा" असं विचारलं तर "कसलं काय, सगळ्यांनी मिळून केलं" एवढंच मिळतं. माणसाला वस्तूंबद्दल विचारा, कामाबद्दल विचारा. पडद्यांचं काम बघणाऱ्याला विचारा, पडदे कुठे ठेवायचात, पावसाळ्यात त्यांचं काय करायचात? मग तो सांगायला लागतो की आपल्याकडच्या पावसात रंगवलेला पडदा गुंडाळून ठेवला तर चवथीपर्यंत (गणेश चतुर्थीपर्यंत) बुरशी धरतो, म्हणून ऊन पडलं की सगळे पडदे उलगडून माडांना दोरी बांधून वाळत घालायचे, घडी कधी घालायची नाही, बांबूवर गुंडाळायचे, कारण घडीच्या रेषेवर रंगाचे पापुद्रे निघतात, आणि राजवाड्याच्या पडद्यावरचा खांब उंदरांनी कुरतडला तेव्हा मागून धोतराचं ठिगळ लावून वरून रंग कसा दिला. असं एक वाक्य मानपत्रात आलं की दहा विशेषणांची गरज उरत नाही.

वर्षांचा घोळ नेहमी होतो. "साधारण ऐंशीच्या आसपास" वरून काही ठरत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असलेल्या घटनांशी जोडून विचारलं तर वर्ष बरंच पक्कं होतं. १९६१ ला गोवा मुक्त झाला त्याच्या आधीचं की नंतरचं? १९६७ च्या जनमत कौलाच्या (गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही त्याच्या) वेळी तुम्ही मंडळात होता का? १९८६ ला मांडवीचा पूल पडला तेव्हा सामान फेरीबोटीतून नेलं होतं का? १९८७ ला घटकराज्य झालं त्या वर्षी कोणतं नाटक होतं? असं विचारलं की माणूस स्वतःच म्हणतो, "नाही नाही, ते पूल पडल्यावरच्या वर्षीचं."

बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा, आधी विचारून. मग तीच माहिती दुसऱ्या दोघांकडून स्वतंत्रपणे पडताळा. आठवणीत सरमिसळ होते, एकाने केलेलं काम दुसऱ्याच्या नावावर जातं, आणि ज्याचं काम त्याचाच मुलगा सभागृहात बसलेला असतो. जे पडताळता आलं नाही ते मानपत्रात घालू नका.

जुने फोटो घ्यायचे तर अल्बम घरी नेऊ नका. तिथेच, दिवसा, खिडकीपाशी फोटो सपाट ठेवून फ्लॅश बंद करून मोबाईलने काढा आणि फोटोत कोण कोण आहे त्यांची नावं डावीकडून लगेच लिहून घ्या.

तपासा: प्रत्येक व्यक्तीबद्दल तुमच्याकडे किमान तीन ठोस गोष्टी आहेत का, ज्या दुसऱ्या कोणाला लागू होणार नाहीत? नसतील तर परत जा. चौथा टप्पा अजून सुरू करू नका.

## ४. मानपत्र लिहिणं

लांबी १२० ते १५० शब्द. स्टेजवरून नीट वाचलं तर दीड मिनिट लागतं, त्याच्या पुढे लोक चुळबुळायला लागतात.

हा नमुना बघा, सगळ्यांनी ऐकलेला: "आपण कलेची निःस्वार्थ सेवा करून समाजापुढे आदर्श निर्माण केला आहे, आपल्या बहुमोल योगदानाबद्दल हे मंडळ सदैव ऋणी राहील." यातलं नाव बदला, दुसऱ्या कोणालाही चालेल. असा मजकूर नको.

आता हे: "पावसाळ्यात आमचे पडदे तुमच्या माडांमध्ये वाळत असायचे. राजवाडा, जंगल आणि रस्ता हे तीनही पडदे तुम्ही तीस वर्षं बांबूवर गुंडाळून घराच्या माळ्यावर सांभाळले, एकदाही भाडं घेतलं नाही. नव्या मुलांना पडदा सोडायची दोरी कशी धरायची ते तुम्ही शिकवलंत. आज गावात पडदा वेळेवर पडतो तो तुमच्या हाताखाली शिकलेल्यांमुळे." इतकं साधं. वाचताना सभागृहात चारजण माना हलवतात कारण त्यांनी ते पडदे पाहिलेले असतात.

शेवटी दीर्घायुष्य-आरोग्य चिंतणारी एक ओळ पुरे. संस्कृत सुभाषित आवडत असेल तर घाला, पण त्यासाठी कामाची एक ओळ कापू नका. मंडळाचा स्वतःचा गौरव मानपत्रात नको, तो अहवालात जाऊ दे.

नावाबद्दल फार काळजी घ्या. आपल्याकडच्या जुन्या कागदपत्रांवर नावं पोर्तुगीज वळणाच्या रोमन स्पेलिंगमध्ये असतात, एक्सने सुरू होणारं आडनाव प्रत्यक्षात 'श'ने उच्चारतात, आणि डीटीपीवाला ते कागदावरून बघून वेगळंच काहीतरी टाईप करतो. म्हणून नाव त्या माणसाकडून किंवा घरच्यांकडून देवनागरीत त्यांच्या हाताने लिहून घ्या आणि त्या कागदाचा फोटो डीटीपीवाल्याला द्या. एकाच वाड्यावर एकाच नावाचे दोघं-तिघं असतात, तेव्हा वडिलांचं नाव घाला. घरी ज्या नावाने हाक मारतात ते गावात जास्त ओळखीचं असेल तर विचारून तेही घ्या.

अक्षर मोठं ठेवा, सत्तरीच्या माणसाला चष्मा न लावता निदान आपलं नाव तरी वाचता आलं पाहिजे. फ्रेमला काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक घ्या, हलकं असतं आणि पडलं तरी फुटत नाही.

तपासा: छापायच्या आधी एक प्रत काढून समितीबाहेरच्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. तो जिथे अडखळेल तिथे स्टेजवर वाचणाराही अडखळणार. त्यानंतर मजकूर घरच्यांपैकी एकाला दाखवा.

## ५. तारीख, जागा, परवानग्या

चवथ, शिगमो (शिमगा), आपली जत्रा, शेजारच्या गावची जत्रा, दहावी-बारावीच्या परीक्षा आणि लग्नाच्या मोठ्या तिथी टाळा. देवस्थानचं कॅलेंडर समोर घेऊन बसा म्हणजे यातलं बरंचसं एकदमच निपटतं. निवडणूक जवळ असेल तर आचारसंहिता कधी लागू शकते याचा अंदाज घ्या, पाहुणे राजकीय असले तर सगळी पत्रिका बदलावी लागते.

जागा निवडताना मोठ्या नावाचा मोह होतो. पणजीची कला अकादमी, फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर, मडगाव, साखळी, कुडचडे किंवा काणकोणचं रवींद्र भवन, या जागा उत्तम आहेत, पण तारखा खूप आधी भरतात आणि दोनशे माणसं मोठ्या सभागृहात विखुरली की सत्कारमूर्तीला समोर रिकाम्या खुर्च्या दिसतात. ज्या देवळाच्या मंडपात किंवा शाळेच्या हॉलमध्ये या माणसांनी काम केलं तिथेच सत्कार झाला तर मला जास्त बरं वाटतं, शेजारीपाजारी चालत येतात.

उघड्यावर, मांडावर (गावच्या उत्सवाच्या मोकळ्या जागेत) किंवा देवळाच्या अंगणात करणार असाल तर रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद हा नियम लक्षात ठेवून कार्यक्रम साडेनऊला संपवा. साऊंडची परवानगी कुठून, कोणाच्या सहीने लागते हे गावच्या जत्रेचं काम बघणाऱ्याला विचारा आणि अर्ज दोन-तीन आठवडे आधी टाका.

तपासा: स्वतः जाऊन स्टेजच्या पायऱ्या चढून बघा. विंगेतल्या पायऱ्या काळोखात असतात आणि धरायला काही नसतं. चढणं अवघड असेल तर सत्कार स्टेजखाली, पहिल्या रांगेसमोर करा आणि पाहुण्यांना खाली उतरवा. यात कमीपणा काही नाही.

## ६. पैसे आणि वस्तू

खर्चाचा क्रम माझ्या मते असा हवा: सत्कारमूर्तींची ने-आण, मानपत्र, फोटो-व्हिडिओ, सन्माननिधी, स्मृतिचिन्ह, आणि उरलं तर स्टेजची सजावट. सत्तरी तालुक्यातून किंवा काणकोणहून पणजीला आलेल्या म्हाताऱ्या माणसाला रात्री परतीची बस मिळणं कठीण, तेव्हा गाडी दारापासून दारापर्यंत हवी आणि ड्रायव्हरला घर माहीत असायला हवं.

सन्माननिधी द्यायचा तर थेट खात्यात किंवा चेकने द्या, स्टेजवर पाकिटात फक्त पत्र. गर्दीत रोख सांभाळायची वेळ कोणावर आणू नका. रक्कम माईकवर जाहीर करायची का हे घरच्यांना विचारा. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळून ५०,००० रुपयांच्या वर भेट रक्कम मिळाली तर ती करपात्र ठरते, मोठी थैली जमवणार असाल तर सीएला विचारून घ्या.

स्मृतिचिन्ह म्हणून प्लास्टिकच्या चषकापेक्षा समई, कुणबी विणीची शाल किंवा कावी (गोव्याच्या तांबड्या-पांढऱ्या भित्तिकलेच्या) नक्षीचं फ्रेम केलेलं चित्र बरं. घुमट हे मातीच्या घटाला कातडं मढवलेलं तालवाद्य २०१९ पासून गोव्याचं वारसा वाद्य आहे, त्यामुळे घुमट भेट द्यायची कल्पना हल्ली बऱ्याच जणांना सुचते आणि छानच आहे, पण ते बकऱ्याच्या कातड्याने मढवलेलंच घ्या. पूर्वी घोरपडीचं कातडं वापरायचे, ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बेकायदा आहे, आणि कोणाच्या घरातलं जुनं घुमट उचलून भेट देणं म्हणजे सत्कारमूर्तीला अडचणीत टाकणं.

जड समई देणार असाल तर तिच्यासाठी मजबूत कापडी पिशवी आणि ती गाडीपर्यंत पोचवणारा एक मुलगा, हे दोन्ही आधीच ठरवा.

## ७. पाहुणे आणि पत्रिका

प्रमुख पाहुणा एक, अध्यक्ष एक, बास. प्रत्येक वाढलेल्या पाहुण्यामागे स्वागत, ओळख आणि भाषण धरून पंधरा मिनिटं जातात. शक्य असेल तर पाहुणा असा निवडा की ज्याने या माणसांचं काम पाहिलंय, जुना नट, पेटीवाले गुरुजी, शाळेचे निवृत्त मास्तर.

पाहुण्यांना पत्रातच लिहा की बोलायला ८ मिनिटं आहेत, आणि सोबत सगळ्या सत्कारमूर्तींची एका पानावर माहिती पाठवा. हे पान दिलं नाही तर ते साहजिकच दुसऱ्या कुठल्यातरी विषयावर बोलतील, दोष त्यांचा नाही.

पत्रिकेत सत्कारमूर्तींची नावं वर, पाहुण्यांच्याच अक्षरात किंवा त्याहून मोठी. पत्रिका छापायच्या आधी नावं चौथ्या टप्प्यातल्या हाताने लिहिलेल्या कागदाशी ताडून बघा.

## ८. संध्याकाळचा क्रम

एका सत्काराला सात-आठ मिनिटं लागतात: दीड मिनिट मानपत्र वाचन, दोन मिनिटं फोटो किंवा व्हिडिओ, एक मिनिट प्रत्यक्ष सत्कार, तीन मिनिटं त्यांचं मनोगत. सहा जणांचे पाऊण तास. त्याभोवती बाकीचं बसवा.

साडेपाचला नांदी किंवा भजनाचा एक अभंग. मग दीपप्रज्वलन आणि प्रास्ताविक, दोन्ही मिळून १० मिनिटं. आणि लगेच सत्कार, पाहुण्यांच्या भाषणाच्या आधी. हा एक बदल केला तरी अर्ध्या तक्रारी मिटतात, कारण सभागृह भरलेलं असतं, सत्कारमूर्ती थकलेले नसतात आणि नंतर बोलणाऱ्या पाहुण्यांना बोलायला खरा विषय मिळतो. शेवटी आभार, आणि नाटकाचा प्रवेश किंवा फुगडी-घुमटआरती काय असेल ते त्यानंतर. सत्कारमूर्ती तेव्हा पहिल्या रांगेत येऊन बसतात, घरच्यांच्या बाजूला.

मनोगत मराठीतच हवं असा हट्ट धरू नका, घरात कोंकणी बोलणारा माणूस कोंकणीतच मनापासून बोलतो. बोलायचं नसेल तर नातवाला दोन ओळी वाचू द्या.

सावधान: कुंकू लावणं, ओटी भरणं हे काही बायकांसाठी करायचं आणि विधवा म्हणून एखादीला वगळायचं हे स्टेजवर सगळ्यांना दिसतं. सगळ्यांसाठी एकच पद्धत ठेवा, फूल आणि शाल.

## ९. रंगीत तालीम, वस्तूंसकट

नाटकाची तालीम महिनाभर करणारी मंडळी सत्काराची तालीम एकदाही करत नाहीत. आदल्या संध्याकाळी अर्धा तास काढा.

टेबलावर प्रत्येकाचं वेगळं तबक लावा आणि तबकाखाली नावाची चिठ्ठी चिकटवा. शाल प्लास्टिकच्या पिशवीतून आधीच काढा, किमतीचं लेबल काढा, आणि लांबीत चौपट घडी घालून ठेवा म्हणजे देणाऱ्याने दोन टोकं धरली की ती एका झटक्यात उघडून खांद्यावर जाते, नाहीतर स्टेजवर पिशवी फाडण्यातच वेळ जातो आणि फोटोत पाहुण्यांची पाठ येते. नारळ सोललेला, शेंडी ठेवलेला आणि पुसून कोरडा. फ्रेमच्या मागच्या तारेची टोकं वाकवलेली आहेत का ते बोट फिरवून बघा, शालीत अडकतात.

तबक देणारी मुलगी डावीकडून येणार, फोटोग्राफर समोर खाली, सूत्रसंचालक उजव्या टोकाला, हे एकदा चालून बघा. हातात घेण्याचा क्रम: फूल, शाल, श्रीफळ, मानपत्र, आणि स्मृतिचिन्ह फक्त दाखवून परत तबकात. माणसाला दोनच हात असतात. मानपत्र हातात असताना फोटो घ्या, मग लगेच एकाने ते सगळं त्यांच्याकडून काढून घ्यायचं आणि नाव लावलेल्या पिशवीत ठेवायचं.

सूत्रसंचालकाने सगळी नावं तोंडाने म्हणून बघावीत, घरच्यांना फोन करून उच्चार विचारावा. शेरोशायरीला इथे जागा नाही, मानपत्रात आहे तेवढं पुरेसं आहे.

आठवडाभर आधी आणि आदल्या दिवशी प्रत्येक घरी फोन करा. सुतक आलेलं असू शकतं, तब्येत बिघडलेली असू शकते. अशा वेळी तबक राखून ठेवा, स्टेजवर मानपत्र वाचा आणि वस्तू नंतर घरी जाऊन द्या, तारीख त्यांच्या सोयीने.

तपासा: सत्कारमूर्तींच्या खुर्च्या पाठ आणि हात असलेल्या आहेत ना? पाण्याची बाटली उघडून ठेवलेली आहे ना? जवळचं स्वच्छतागृह उघडं आहे आणि किल्ली कोणाकडे आहे?

## १०. नंतरची कामं

त्याच रात्री बातमी 'गोमन्तक', 'नवप्रभा', 'तरुण भारत', 'लोकमत' अशा दैनिकांना पाठवा, एक फोटो, नावं डावीकडून, प्रत्येकाच्या कामाबद्दल एक ओळ. पाहुण्यांच्या भाषणानेच बातमी भरलीत तर सत्कारमूर्ती "यावेळी अनेकांचा सत्कार करण्यात आला" यात जातात.

आठवड्याभरात फोटो छापून घरी द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर मुलांना मिळतात, म्हाताऱ्यांना कागदावर हवे असतात. ज्यात ते आणि त्यांची माणसं एकत्र आहेत असा एक फोटो मोठा करा.

तिसऱ्या टप्प्यात जमवलेलं सगळं, रेकॉर्डिंग, जुन्या फोटोंच्या प्रती, पत्रिका, पडताळलेली वर्षं, एका फायलीत लावा. एक प्रत मंडळाकडे, एक त्या घरी. कला आणि संस्कृती संचालनालयाच्या कला सन्मानसारख्या योजनेला कोणाला अर्ज करायचा झाला तर इतक्या वर्षांच्या कामाचे कागद एका जागी मिळतात, आणि तो अर्ज भरायला मंडळातल्या एखाद्या तरुणाने बरोबर बसावं.

पहिल्या टप्प्यातल्या वहीत अजून कोऱ्या असलेल्या जागा बघा. सत्काराच्या दिवशी लोक येऊन सांगतात, "अरे, ते लाईटवाले राहिले, त्यांना विसरलात", ती नावं त्याच रात्री वहीत चढवा आणि पुढच्या महिन्यात एका घरी तरी जाऊन या.